गॅरी ॲब्लेट ज्युनिअर आणि फूटीतला मिडफिल्डर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च लागला की आमच्या मेलबर्नच्या घरात टीव्हीवरचं क्रिकेट आटोपतं आणि फूटी सुरू होते. पुण्याहून, साताऱ्याहून आलेले पाहुणे पाच मिनिटं गप्प बसून बघतात आणि मग एकेक विचारायला लागतात. गेल्या काही वर्षांत तेच ते प्रश्न इतक्यांदा ऐकलेत की म्हटलं, एकदाचे लिहूनच काढू. सगळा खेळ पहिल्यापासून समजावत बसलं तर पाहुणे झोपतात, हा स्वानुभव. म्हणून एकाच माणसाला धरून सांगतो: गॅरी ॲब्लेट ज्युनिअर, जागा मिडफिल्ड, सामने ३५७.

हे रग्बी आहे का सॉकर?

दोन्ही नाही. हे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, बोलीभाषेत फूटी. आणि याचं मूळ चक्क क्रिकेटच्या गोटातलं आहे. १८५८ साली टॉम विल्स या मेलबर्नच्या नामांकित क्रिकेटपटूनं एका साप्ताहिकात पत्र छापून आणलं. हिवाळ्यात बसून क्रिकेटवाल्यांची अंगं जड होतात, त्यापेक्षा एखादा फुटबॉल क्लब काढा, असा त्याचा मुद्दा. पुढच्याच वर्षी, मे १८५९ मध्ये, मेलबर्न क्लबनं नियम लिहून काढले. खेळ आजही लंबगोल क्रिकेट मैदानावरच होतो तो त्यामुळे. आपल्या लेखी एमसीजी म्हणजे बॉक्सिंग डे कसोटी. इथल्या माणसाला विचाराल तर एमसीजी म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारची ग्रँड फायनल.

एवढं कळलं तरी सामना बघता येतो: एका बाजूला अठरा जण. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेनं चेंडू गेला की गोल, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर बिहाइंड, एक गुण. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण पंधरा मीटरच्या आत तो एकदा जमिनीवर टेकवायचा. फेकायचा मात्र नाही. एका तळव्यावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसायचा, त्याला हँडबॉल म्हणतात. कुणाच्या लाथेनं पंधरा मीटर किंवा अधिक आलेला चेंडू वरच्या वर झेलला की तो मार्क. मग झेलणाऱ्याला कुणी हात लावायचा नाही, त्यानं निवांत लाथ मारायची. चार क्वार्टर, प्रत्येकी वीस मिनिटांचे, पण थांबलेला वेळ धरून अर्ध्या तासाच्या आसपास जातात.

मिडफिल्डर म्हणजे नक्की कोण?

कबड्डीत चढाई करणारा आणि पकड करणारा एकच माणूस असता, आणि मैदान दीडशे मीटर लांब असतं, तर जे झालं असतं ते.

प्रत्येक क्वार्टरच्या सुरुवातीला आणि प्रत्येक गोलनंतर खेळ मध्यावर येतो. तिथे पन्नास मीटरचा चौकोन आखलेला असतो आणि त्यात एका संघाचे चारच जण उभे राहू शकतात. चौघांतला एक उंचापुरा रकमन, बाकीचे तिघे मिडफिल्डर. ॲब्लेटच्या काळात पंच चेंडू जमिनीवर आपटून उंच उडवायचे. दोन्ही रकमन उडी मारून त्याला आपल्या माणसाच्या दिशेनं थापटायचे. पुढच्या दोन सेकंदांत जो मिडफिल्डर खाली वाकून तो उचलेल, अंगावर आलेल्या दोघांना चुकवेल आणि पुढे धाडेल, त्याच्या नावावर क्लिअरन्स. सामने बहुतेक वेळा तिथेच झुकतात.

पण काम तिथे संपत नाही. चेंडू पुढे गेला की त्याच्यामागे धावायचं. हातचा गेला की उलट दिशेनं स्वतःच्या गोलपर्यंत धावायचं. एका सामन्यात बारा-तेरा किलोमीटर सहज होतात, तेही एका चालीत नाही. मध्येच जीव खाऊन तीस मीटर, मग कुणीतरी अंगावर, मग उठून परत. लाथ आणि हँडबॉल मिळून जो आकडा येतो त्याला डिस्पोझल म्हणतात. तीस झाले तर दिवस चांगला गेला असं समजतात. ॲब्लेटनं २०१२ मध्ये कॉलिंगवुडविरुद्ध ५३ केले होते.

एक गोष्ट मात्र पाहुण्यांना दरवेळी सांगावी लागते. फॉरवर्ड गोल मारतो, कॅमेरा त्याच्या तोंडावर जातो, धावफलकावर त्याचं नाव येतं. त्याच्या आधी चेंडू तीन-चार हातांतून गेलेला असतो आणि ते हात बहुधा मिडफिल्डरचे असतात. टीव्हीवर ते निसटतं.

ॲब्लेटच का? बाकीचे मिडफिल्डर काय वाईट आहेत?

नाहीत. क्रिस जड होता, डस्टिन मार्टिन होता, स्कॉट पेंडलबरीचे चाहते तर हा परिच्छेद वाचून माझ्यावर चिडतील. पण ॲब्लेटच्या कारकिर्दीत या खेळातलं जवळजवळ सगळंच येऊन जातं: बापाचं नाव, ड्राफ्ट, जिंकणारा संघ, हरणारा संघ, पैसा, दुखापत, परतणं. शिवाय सलग आठ वर्षं, २००७ ते २०१४, ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात जागा. खेळाडू आपसांत मतदान करून देतात ती ली मॅथ्यूज ट्रॉफी त्याला पाच वेळा मिळाली. रोज ज्यांच्याशी अंगाला अंग भिडतं त्यांचं मत मला पत्रकारांच्या मतापेक्षा जास्त वजनाचं वाटतं.

ज्युनिअर म्हटलंय, म्हणजे सीनिअरही होता?

होता, आणि केवढा! आपल्याकडे थोरले-धाकटे म्हणायची सोय आहे, तीच वापरतो. थोरला गॅरी ॲब्लेट ऐंशी-नव्वदच्या दशकात जिलाँगकडून पाच नंबरची जर्सी घालून खेळला. कारकिर्दीत हजारावर गोल. जिलाँगमध्ये लोक त्याला सरळ ‘गॉड’ म्हणत. १९८९ च्या ग्रँड फायनलमध्ये त्यानं एकट्यानं नऊ गोल मारले, सामनावीराचं नॉर्म स्मिथ पदक घेतलं, आणि जिलाँग सहा गुणांनी हरलं. त्यानंतर १९९२, १९९४, १९९५. तिन्ही वेळा ग्रँड फायनल गाठली आणि तिन्ही वेळा हात रिकामेच.

जिलाँग हे मेलबर्नहून सुमारे तासाभराच्या अंतरावरचं बंदराचं गाव. एकेकाळी लोकरीच्या व्यापारावर वाढलेलं. गावाला क्लब एकच, मैदान एकच, कार्डिनिया पार्क. अशा ठिकाणी थोरल्याचा मुलगा त्याच नावानं, त्याच गावात वाढला. दुकानात गेला तरी लोक वळून बघणार. मुलगा मैदानात उतरला तेव्हा त्यानं पाच नव्हे, एकोणतीस नंबर घेतला.

मुलगा बापाच्याच क्लबात गेला. हा वशिला नाही का?

हा प्रश्न काका लोक हमखास विचारतात. उत्तर: आहे, पण नियमात बसवलेला.

इथे खेळाडूला आपला क्लब निवडता येत नाही. दरवर्षी ड्राफ्ट होतो. आयपीएलच्या लिलावासारखा, पण पैशांची बोली नाही. गेल्या हंगामात जो तळाला होता त्याला पहिली निवड, विजेत्याला शेवटची. मेलबर्नच्या अठरा वर्षांच्या पोराला पर्थनं उचललं तर त्यानं बोचकं बांधून पर्थला जायचं. याला अपवाद फादर-सन नियम: बाप एखाद्या क्लबाकडून ठरावीक संख्येनं सामने खेळलेला असेल तर मुलावर त्या क्लबाचा हक्क पहिला. त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे जिलाँगनं त्यासाठी तिसऱ्या फेरीतली निवड खर्च केली. २००१ चा ड्राफ्ट, चाळिसावा क्रमांक.

त्याच ड्राफ्टमध्ये ल्यूक हॉज पहिला, ल्यूक बॉल दुसरा, क्रिस जड तिसरा गेला. आणि जिलाँगनं त्याच दिवशी जिमी बार्टेल, जेम्स केली आणि स्टीव्ह जॉन्सनही घेतले. एका क्लबानं एका दिवसात उभा संघ पदरात पाडून घेतला असं दुसरं उदाहरण मला तरी पटकन आठवत नाही.

पदार्पणापासूनच चमकला का?

नाही. मला त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यांत माणसासारखा वाटणारा भाग हाच आहे. २००२ मध्ये पदार्पण झालं. पहिली चार-पाच वर्षं तो बहुतेक वेळ पुढच्या फळीत, गोलच्या आसपास घुटमळणारा चपळ खेळाडू होता. एखाद्या शनिवारी डोळे दिपवणार, पुढच्या दोन शनिवारी दिसणारच नाही. अंगात कला आहे हे सगळ्यांना दिसत होतं, आणि ‘बापाएवढा काही होणार नाही’ हेही लोक एका श्वासात म्हणत होते.

२००६ चा हंगाम जिलाँगला वाईट गेला. प्रशिक्षक मार्क थॉम्पसनची खुर्ची डळमळली. हंगाम संपल्यावर खेळाडूंना समोरासमोर बसवून एकमेकांबद्दल खरं बोलायला लावलं गेलं. ॲब्लेटला सहकाऱ्यांनी तोंडावर सांगितलं की तू सर्वोत्तम होऊ शकतोस, पण त्यासाठी लागणारी मेहनत तू घेत नाहीस. असं काही ऐकल्यावर माणूस एक तर रुसतो, नाही तर उठतो. हा उठला. त्या उन्हाळ्यात अंग कमावून आला आणि पुढच्या फळीतून सरळ मध्यावर गेला.

२००७ मध्ये नेमकं काय बदललं?

जागा बदलली, म्हणजे सगळंच बदललं. १८२ सेंटिमीटर उंची, म्हणजे इथल्या मानानं ठेंगणाच. पण कंबरेखालून भक्कम. कुणी खांद्याला धरलं तरी पाय चालू राहायचे. गर्दीत शिरून चेंडू उचलणं आणि त्याच झोकात दिशा बदलून बाहेर पडणं, ही त्याची खासियत. दोन्ही पायांनी सारखीच लाथ. शेजारी बार्टेल, जोएल कोरी, कॅमरन लिंग आणि पहिल्याच वर्षातला जोएल सेलवुड. उंच उडीला ब्रॅड ऑटन्स.

जिलाँगनं त्या वर्षी ग्रँड फायनलमध्ये पोर्ट ॲडलेडला ११९ गुणांनी लोळवलं. ग्रँड फायनलमधलं एवढं मोठं अंतर त्याआधी कधी झालं नव्हतं. जिलाँगचा आधीचा फ्लॅग १९६३ चा. विजेतेपदाला इथे फ्लॅगच म्हणतात, आणि या फ्लॅगसाठी गावानं चव्वेचाळीस वर्षं वाट पाहिली होती. संघात गॅरीबरोबर त्याचा धाकटा भाऊ नेथनही होता. चार ग्रँड फायनल हरलेल्या बापाची दोन्ही मुलं एकाच दुपारी फ्लॅग घेऊन उभी. नेथननं काही महिन्यांतच, २००८ च्या सुरुवातीला, खेळ सोडला. तेही त्या घराच्या कहाणीत येतंच.

२००८ मध्ये ग्रँड फायनलला हॉथॉर्नकडून हार, २००९ मध्ये सेंट किल्डाला बारा गुणांनी हरवून दुसरा फ्लॅग. त्या सामन्यातल्या एका क्षणाकडे शेवटी येतो.

ब्राउनलो पदक म्हणजे काय?

पूर्ण हंगामातल्या सर्वोत्तम आणि नियमानं खेळलेल्या खेळाडूचं पदक. मतं देतात पंच: प्रत्येक सामन्यानंतर तिघांना ३, २, १. मोजणी होते ग्रँड फायनलच्या आठवड्यात, सोमवारी रात्री, सुटाबुटात, टीव्हीवर, एकेक फेरी वाचून दाखवत. आपल्याकडच्या मतमोजणीच्या दिवसासारखंच लोक टीव्हीपुढून हलत नाहीत. हंगामात निलंबन झालं असेल तर मतं कितीही असोत, पदक नाही. २०१४ मध्ये नॅट फायफीला २५ मतं पडली, पण तो अपात्र होता.

पदक ज्यांच्या नावाचं ते चार्ल्स ब्राउनलो जिलाँगचे. १९२४ मध्ये ते पहिल्यांदा जिंकला तो कार्जी ग्रीव्ह्ज, तोही जिलाँगचाच. ॲब्लेटला ते २००९ मध्ये मिळालं, मतं ३०, दुसऱ्या क्रमांकावरच्या जडपेक्षा आठ जास्त. त्याआधी २००७ मध्ये सगळे ॲब्लेटचं नाव घेत होते आणि पदक शेजारी बसलेल्या बार्टेलच्या गळ्यात पडलं होतं.

मग जिलाँग सोडून गेला कशाला? पैशासाठी?

पैसा होताच, कशाला लपवायचं. पाच वर्षांचे सुमारे नव्वद लाख डॉलर असा आकडा तेव्हा वर्तमानपत्रांतून फिरत होता. जिलाँगला तेवढं देणं शक्यच नव्हतं, कारण इथे प्रत्येक क्लबाच्या पगारखर्चाला कमाल मर्यादा असते. एकाला खूप दिलं की दुसऱ्याचं कमी करावं लागतं.

पण गोष्ट निव्वळ पैशाची नव्हती. लीगला, म्हणजे ही देशभरची स्पर्धा भरवणाऱ्या एएफएलला, क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर, गोल्ड कोस्टला, नवा संघ उभा करायचा होता. तो सगळा मुलूख रग्बी लीगचा. समुद्र, सर्फिंग, सुट्टीला आलेली माणसं. तिथे फूटी रुजवायची तर पोस्टरवर लावायला एक चेहरा हवा. नव्या क्लबाला जुन्या सोळा क्लबांकडून प्रत्येकी एक, करार संपलेला खेळाडू उचलायची मुभा दिली होती. जिलाँगकडून त्यांनी ॲब्लेट उचलला. सप्टेंबर २०१० च्या अखेरीस जाहीर झालं आणि जिलाँगमध्ये सुतक पडल्यासारखं झालं.

दुसरं कारण त्यानं बोलून दाखवलं असो वा नसो, मला दिसतं ते सांगतो. जिलाँगमध्ये तो कितीही खेळला तरी थोरल्याचा मुलगाच. गोल्ड कोस्टला ॲब्लेट म्हणजे फक्त तो.

आता पुढचा भाग ऐका. २०११ मध्ये जिलाँगनं त्याच्याविना ग्रँड फायनल जिंकली. त्याच वर्षी तो कप्तान असलेला गोल्ड कोस्ट सन्स तीन सामने जिंकून सतरा संघांत सतरावा आला. त्यात भर म्हणजे मे महिन्यात गोल्ड कोस्टचं कॅरारा भागातलं नव्यानं बांधलेलं मैदान उघडलं तेव्हा पाहुणा संघ म्हणून कोण आलं? जिलाँग. आणि तेच जिंकून गेले.

म्हणजे निर्णय चुकलाच की!

इथे मी पाहुण्यांशी दरवेळी भांडतो. फ्लॅग मोजायचे तर चुकला. राहिला असता तर तीन झाले असते. पण मिडफिल्डर केवढा मोठा होता हे मोजायचं तर मला जिलाँगपेक्षा गोल्ड कोस्टची वर्षं जास्त सांगतात.

जिलाँगमध्ये त्याच्या आजूबाजूला चार-पाच असे होते की विरोधकांना कुणाकुणाला धरावं कळेना. गोल्ड कोस्टला आजूबाजूला अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. विरोधी संघाची बैठक एका वाक्यात संपत असणार: ॲब्लेटला थांबवा. तरीही पहिली तिन्ही वर्षं क्लबाचा सर्वोत्तम खेळाडू तोच. आणि २०१३ मध्ये संघ चौदावा असताना त्यानं दुसरं ब्राउनलो जिंकलं. २८ मतं, जुना सहकारी सेलवुड २७. निकाल शेवटच्या फेरीपर्यंत लोंबकळत होता. हरणाऱ्या संघातल्या खेळाडूला पंच सहसा तीन मतं देत नाहीत, त्यांचं लक्ष जिंकणाऱ्यांकडे जातं. याच्याकडे मात्र ते वळून बघत राहिले.

विरोधी संघ त्याला थांबवायचे कसे?

टॅग लावून. टॅग म्हणजे एक माणूस असा नेमायचा की त्यानं चेंडूकडे बघायचंच नाही, फक्त ॲब्लेटला चिकटायचं. तो पाणी प्यायला गेला तरी हा मागे. कोपर बरगडीत, हात जर्सीवर, तोंडानं अखंड टोमणे. फ्रीमँटलचा रायन क्राउली या कामासाठी कुप्रसिद्ध होता. जिलाँगचा लिंगही टॅगरच, पण सुसंस्कृत म्हणावा असा.

यावर ॲब्लेटचं उत्तर साधं होतं: गर्दी वाढवायची. टॅगरला घेऊन तो थेट चार माणसांच्या घोळक्यात शिरायचा. तिथे टॅगर आपल्याच माणसावर आदळला की हा दुसरीकडून बाहेर.

खांद्याचं काय झालं होतं?

जुलै २०१४, कॅरारा मैदान, समोर कॉलिंगवुड. गोल्ड कोस्ट पहिल्यांदाच पहिल्या आठांत, म्हणजे हंगामाअखेरच्या फायनल्स फेऱ्यांच्या शर्यतीत, जाण्याच्या बेतात होतं. ॲब्लेट ब्राउनलोच्या मतांत सगळ्यांच्या पुढे. पकडीत जमिनीवर पडला आणि डावा खांदा निखळला. संघानं तो सामना तरीही पाच गुणांनी जिंकला. नंतर मात्र गाडी रुळावरून उतरली. संघ बारावा आला, प्रशिक्षक गाय मकेना यांना जावं लागलं. जवळपास सात सामने कमी खेळूनही त्या वर्षी ॲब्लेटच्या खात्यात २२ मतं होती. विजेत्या मॅट प्रिडिसची २६.

त्यानंतर २०१५ मध्ये जेमतेम सहा सामने, २०१६ मध्ये पुन्हा खांदा. त्या हंगामाअखेर कप्तानपद सोडलं. मिडफिल्डरचा खांदा म्हणजे गवंड्याचं मनगट. रोज त्याच्यावरच भार, आणि तोच गेला तर बाकी सगळं असून काय करायचं?

त्याच्या सात हंगामांत सन्स एकदाही फायनल्सला पोचले नाहीत.

जिलाँगनं परत घेतलं? आपल्याकडे असं गेलेल्याला दारात उभं करत नाहीत.

घेतलं. २०१७ मध्ये गोल्ड कोस्टचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच वर्षाअखेर ड्राफ्टच्या निवडींच्या देवाणघेवाणीत जिलाँगला परतला. तेव्हा वय तेहतीस. जर्सी चार नंबरची. दोन हंगाम मिडफिल्ड आणि पुढची फळी असा ये-जा करत खेळला. पाय थोडे मंदावले होते, डोकं नाही. गाव रुसलं होतं खरं, पण पहिल्या सामन्याला मैदानात आलेल्यांची रुसलेली तोंडं काही दिसली नाहीत.

शेवट कसा झाला?

२०२० चं कोविडचं वर्ष. व्हिक्टोरिया बंद, तिथले संघ बहुतेक काळ क्वीन्सलंडमध्ये मुक्कामाला. मध्ये काही आठवडे तो कुटुंबाजवळ राहायला घरी गेला, मग परत आला. क्वार्टरही त्या वर्षी सोळा मिनिटांचे केले होते. ग्रँड फायनल पहिल्यांदाच व्हिक्टोरियाबाहेर, रात्री, ब्रिस्बेनच्या गॅबावर. २४ ऑक्टोबर, समोर रिचमंड. हा शेवटचा सामना असणार हे सगळ्यांना माहीत.

पहिल्याच काही मिनिटांत पकडीत खाली गेला आणि तोच डावा खांदा. आत नेलं. आम्ही घरी टीव्हीपुढे बसून, संपलं, असं म्हणून चहा ठेवायला उठलो. चहा उकळेपर्यंत तो मैदानात परत आला होता. मोडलेल्या खांद्यानं उरलेला सामना खेळला. जिलाँग आधी पुढे होतं, मग डस्टिन मार्टिननं सामना फिरवला आणि रिचमंड ३१ गुणांनी जिंकलं. संपल्यावर दोन्ही संघांच्या खेळाडूंनी दोन रांगा केल्या आणि तो मधून चालत गेला. हात शरीराला घट्ट धरलेला.

त्याच गॅबावर तीन महिन्यांच्या आत, १९ जानेवारी २०२१ ला, अजिंक्य रहाणेच्या संघानं कसोटी जिंकली आणि आमच्या पालघरच्या शार्दूलनं सात बळी घेऊन ६७ धावा केल्या. याचा ॲब्लेटशी काही संबंध नाही. पण गॅबाचं गवत दिसलं की मला दोन्ही एकदमच आठवतात.

एकूण आकडे?

३५७ सामने: जिलाँगकडून २४७, गोल्ड कोस्टकडून ११०. गोल ४४५. फ्लॅग दोन, ब्राउनलो दोन.

त्याला ‘लिटल मास्टर’ म्हणतात म्हणे? ते तर आपले गावसकर!

म्हणतात. दादर-शिवाजी पार्कच्या माणसांनी रागावू नये. दोघांची उंची बघता नाव ठेवणाऱ्यांनी जास्त विचार केला असेल असं वाटत नाही.

आपली मुलं खेळतात का इथे?

ऑसकिक नावाचा लहान मुलांचा कार्यक्रम असतो, शनिवारी-रविवारी सकाळी, गल्लीतल्या मैदानावर. नाव घातलं की मुलांना छोटा चेंडू मिळतो. आमच्या लेकीनं तिथे शिकून मला शिकवलं: डावा तळवा ताटासारखा धर, चेंडू त्याच्यावर, उजव्या हाताची मूठ वळ, अंगठा बाहेर ठेव. अंगठा आत घेतलास तर मोडेल. मी आत घेतला होता. मोडला नाही, पण दोन दिवस कणीक मळता आली नाही. चामड्याचा लंबुळका चेंडू जमिनीवर पडल्यावर कुठे उसळेल हे त्यालाही माहीत नसतं. त्यामुळे क्रिकेटमध्ये हात बसलेली आपली मुलं पहिले दोन आठवडे वैतागतात, तिसऱ्या आठवड्यात घरी यायला तयार नसतात.

ॲब्लेटचा एकच तुकडा बघायचा तर कुठला?

पाहुण्यांची अपेक्षा असते की मी एखादा गोल दाखवीन. मी २००९ ची ग्रँड फायनल लावतो, शेवटचं क्वार्टर, शेवटची काही मिनिटं. गुण बरोबरीत. पाऊस पडून गेलेला, चेंडू साबणासारखा. मैदानाच्या मध्यावर चेंडू उसळतो, जिलाँगचा बचावपटू मॅथ्यू स्कार्लेट हातानं पोचू शकत नाही, म्हणून पाय लांबवून बुटाच्या टोकानं ढकलतो. तो येतो नेमका ॲब्लेटकडे. ॲब्लेट घेतो आणि लांबवर, गोलपुढच्या गर्दीत धाडतो. तिथल्या झटापटीतून पॉल चॅपमन गोल मारतो आणि जिलाँग पुढे जातं. या क्षणाला इथे लोक ‘स्कार्लेटचा टो-पोक’ म्हणून ओळखतात. धावफलकावर नाव चॅपमनचं, सामनावीरही तोच. मधला माणूस कुणाच्या बोलण्यात येत नाही. त्याच्याकडे चेंडू असतो जेमतेम दोन-तीन सेकंद, म्हणून मी रिमोट हातात ठेवतो आणि तेवढंच परत मागे घेतो.